शिकलगार सर आणि जमदाड

परवा वैरागहून सोनाक्काच्या भाच्याचा फोन आला. "बाई, आत्या गेली. झोपेतच गेली." मी फोन ठेवला, रडले, डोळे पुसले, आणि लगेच मनात आलं, आता तोंड उघडायला हरकत नाही. सोनाक्का जिवंत आहे तोवर गप्प राहायचं असं शिकलगार सरांनी मला बजावलं होतं, आणि ते मी पाळलं. मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळी शाळा म्हणायची ती!

सरांना जाऊन चार वर्षं झाली. आमच्या पेठेतल्या वाचनालयात अजून त्यांचं नाव निघालं की एखादा हसतोच. "म्हातारपणी फिरलं होतं हो त्यांचं," म्हणतो. फिरलं नव्हतं. सोलापुरात तेवढं ताळ्यावर असलेलं डोकं मी दुसरं पाहिलं नाही. तेच सांगायला बसलेय.

आम्ही दोघं एकाच मुलींच्या शाळेत होतो. ते मराठीला, मी गणिताला. सव्वीस वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या समोरासमोर. सर उंच, वाळके, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. वडील त्यांचे धार लावायचं चाक खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचे. घरची बोली दखनी उर्दू, पण शाळेत सरांच्या तोंडून 'होय'चं 'हौ' कधी निघालं नाही. शिकलगार म्हणजे पूर्वी तलवारी-कट्यारींना झिलई देणारे लोक. राजे गेले, तलवारी गेल्या, मग यांच्या वाट्याला विळ्या, कात्र्या आणि अडकित्ते आले. "आणि माझ्या वाट्याला नववी ब," असं सर म्हणायचे.

मास्तर झाले तरी हात शिकलगाराचेच राहिले. गंज दिसला की त्यांना चैन पडायची नाही. शाळेच्या कार्यालयातली कात्री, प्रयोगशाळेतला चिमटा, शिवणाच्या बाईंची कातर, सगळं शनिवारी घरी न्यायचे आणि सोमवारी लखलखीत करून आणायचे. एकदा माझी विळी नेली. परत देताना म्हणाले, "बाई, जपून. ही आता तुमची जुनी विळी राहिली नाही." मी म्हटलं, "पुरे हो तुमचं कौतुक," आणि त्याच संध्याकाळी कांदा चिरताना बोट कापून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बोटाची पट्टी बघून हा माणूस हसला नाही. नुसती मान हलवली, नापास मुलीकडं बघून हलवावी तशी. त्याचाच मला जास्त राग आला.

धारेची वस्तू ते कधी कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. टेबलावर ठेवायचे, समोरच्यानं उचलायची. हातोहात दिली की माणसं तुटतात, असं त्यांचे वडील सांगायचे. माझं कर्कटकसुद्धा असंच टेबलावर ठेवायचे. मी चिडवायची, "सर, कर्कटकानं कोण तुटतंय?" तर म्हणायचे, "टोक आहे ना त्याला? मग झालं."

दुसरा त्यांचा नाद शब्दांचा. मधल्या सुट्टीत चहा आला की सर एका शब्दाची जन्मकथा सांगायचे. कुठून आला, कुणाच्या घरी वाढला, वाटेत काय सांडलं, काय उचललं. आम्ही कंटाळायचो, पण ऐकायचो. घरी गेले की तो शब्द कार्डावर उतरायचा. कार्डं विकत आणलेली नव्हेत. लग्नपत्रिका यायच्या ना, त्यांची कोरी बाजू कापून कार्डं करायचे. कापण्याआधी पुढच्या बाजूच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करायचे, हे सांगायला नकोच. अशी कार्डं चपलांच्या खोक्यांत भरलेली, खोकी कपाटावर, कपाटाखाली, आणि शेवटी त्यांच्या बायकोच्या शिवणयंत्राखाली. ती बिचारी पाय आखडून शिवायची.

कुणी शब्दाबद्दल काही ठोकून दिलं की सर एकच विचारायचे, "आधार?" मुली त्यांना पाठीमागं 'आधार सर'च म्हणायच्या. आधार नसेल तर शब्द कार्डावर चढायचा नाही, मग तो कितीही गोड असो.

खोटेपणाची त्यांना इतकी चीड की पोटच्या पोरीलाही सोडलं नाही. धाकटी आमच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात. नववीला सहामाहीत मराठीत चौतीस मार्क पडले. एक मार्क हो! मुख्याध्यापकांनी सांगितलं, आम्ही सगळ्यांनी सांगितलं. सर म्हणाले, "तिनं ज्याचं उत्तर लिहिलंच नाही त्याचा मार्क मी कुठून आणू?" पोरगी दोन दिवस जेवली नाही. सरही जेवले नाहीत, पण चौतीसाचे पस्तीस झाले नाहीत. हे लक्षात राहू द्या. या माणसानं पुढं काय केलं ते सांगते, तेव्हा याचा उपयोग होईल.

आता सोनाक्का. आमच्या शाळेची शिपाईण. घंटा तिची, चहा तिचा, आणि पाळी आलेल्या घाबऱ्या पोरींना जवळ घेणंही तिचंच. कपाळाला कुंकू नसायचं. तिचं काय झालं, कधी झालं, आम्ही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. वर्षात एकच रजा घ्यायची, खंडेनवमीची. ताप असला तरी यायची, पण खंडेनवमीला नाही.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रपूजनाची तयारी चालली होती. आमची शस्त्रं म्हणजे कंपासपेट्या, कात्र्या आणि प्रयोगशाळेतला तराजू. त्यावरून सरांची गाडी हत्यारांवर घसरली. भलत्याच रंगात आले होते. "बिचवा बघा, विंचवावरून. नांगीसारखा वाकडा. खांडा, खड्गावरून. आणि जमदाड! जुनी कट्यार, मुठीत आडवी धरून समोर खुपसायची. काही लोक सांगतात फारसी शब्द आहे. मी नाही मानत. अस्सल घरचा आहे. जम म्हणजे यम, दाड म्हणजे दाढ. यमाची दाढ! ज्याला लागली तो परत येत नाही. काय नाव ठेवलंय बघा लोकांनी!"

सोनाक्का कप मांडत होती. तिनं विचारलं, "काय म्हणलासा सर? जमदाड म्हंजी?"

तिनं कधी शब्दात लक्ष घातलं नव्हतं. सरांना कोण आनंद! मुद्दाम तिच्याकडं वळून त्यांनी परत सांगितलं, "यमाची दाढ, आक्का. यम ज्या दाढेनं माणसाला खातो ती."

"आसं व्हय," ती म्हणाली आणि कपबश्या घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी शाळेत आले तर घंटेपाशी सोनाक्का उभी. म्हटलं, "अगं, आज तुझी रजा ना?"

"न्हाय बाई. आता कशाची रजा."

तोंड बघितलं आणि मी तिला धरून मागच्या व्हरांड्यात नेलं. तिथं पायरीवर बसून तिनं मला जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते, माझ्या शब्दांत ते यायचं नाही.

"सोळा वर्साची हुते. मोडनिंबाकडं दिलं मला. मालक फौजेत. हळद लागली, मांडव पडला, आन् तार आली, रजा न्हाय मिळत. मामंजी म्हणले, म्हूर्त मोडायचा न्हाय. आमच्यात खांड्याशी लगीन लावत्यात. त्यांनी घरातली जमदाड आणली. पाटावर ठिवली, टोकाला लिंबू खवला. अंतरपाटाच्या पल्याड ती, अल्याड मी. तिलाच हार घातला. मंगळसूत्र नणंदेनं बांधलं. गाडीत ती मांडीवर घिऊन सासरी गेले. समदी म्हणायची, जमदाडीशी लगीन लागलं हिचं. मला वाटायचं, त्यांच्या घरच्या हत्याराचं नावच हाय ते. दिवाळीला रजा मिळाली त्यांला. येता येता वाटंत ट्रकखाली गेले. तोंड न्हाय बघितलं बाई मी. फोटू बी न्हवता घरात. तेराव्याला मामंजींनी ती फडक्यात गुंडाळून दिली. म्हणले, हिच्याशीच लागलंय लगीन तुजं, घिऊन जा."

मी तिचा हात हातात घेतला. तीच पुढं बोलत राहिली.

"खंडेनवमीला धुवायची तिला. हळद लावायची. निवद दाखवायची. मग दिवसभर हुतं न्हवतं ते समदं सांगायची, वर्साचं. कोण पोरगी रडली, कुटल्या बाई ओरडल्या. मला वाटायचं ऐकत्यात. आन् काल सर म्हणले... मी यमाला सांगत हुते की, बाई! यमाला निवद भरवत हुते! समद्यास्नी ठावं आसंल, माज्या सासऱ्याला, नणंदेला. तरी त्यांनी मला दिलं. एकटी मीच येडी."

मी तशीच उठून सरांकडं गेले आणि सांगितलं. सांगायला नको होतं का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. सरांच्या हातात खडू होता. तो त्यांनी फळ्याखाली ठेवला, हात पुसले, पुन्हा पुसले, आणि वर्ग तसाच सोडून गेले. सव्वीस वर्षांत त्यांनी तास सोडलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

सोनाक्कापुढं जाऊन हात जोडले त्यांनी. "आक्का, चुकलं माझं."

ती बिचारी ओशाळली. "तुमी काय केलं सर? शबुद हाय त्यो. तुमी थोडाच केलाय."

"शब्द मी केला नाही. पण तुझ्या कानात मी घातला."

मग म्हणाले, तुझ्या सासरच्यांनाही अर्थ माहीत नसणार, लोक नुसता शब्द वापरतात. खरंच होतं ते. सोनाक्का "व्हय, व्हय" म्हणाली, पण पुढच्या सोमवारी एक फडक्याची गुंडाळी आणून तिनं सरांच्या टेबलावर ठेवली. "तुमी शिकलगार. हिचं काय करायचं ते करा. मोडीत घाला न्हायतर हिरीत टाका. माज्यानं घरात ठिववत न्हाय."

सरांनी ती घरी नेली. मी बघायला गेले होते. वीतभर रुंद मूठ, दोन्ही बाजूंनी धार, पात्यावर गंज चढलेला आणि मुठीच्या सांध्यात चाळीस-बेचाळीस वर्षांची हळद घट्ट बसलेली. जो माणूस शाळेच्या चिमट्यावरचा गंज सहन करत नव्हता, त्यानं हिला तेलाचं बोटसुद्धा लावलं नाही. म्हणाले, "गंज काढायला गेलो तर हळद जाईल, बाई."

त्या दिवसापासून सरांना एकच ध्यास. शब्दाचं दुसरं मूळ शोधायचं. आपण चुकलो, यमाची दाढ नव्हेच, एवढं सिद्ध झालं की सोनाक्काला तिचा नवरा परत मिळणार होता. स्वतः चुकीचे ठरावेत म्हणून एवढी धडपड करणारा अभ्यासक मी दुसरा बघितला नाही. पुण्याला पत्रं गेली, हैदराबादला गेली. म्हणींचे, बखरींचे, पोवाड्यांचे गठ्ठे उपसले. दोन वर्षं गेली. सर निवृत्त झाले, पाठोपाठ सोनाक्काही निवृत्त झाली आणि भावाकडं वैरागला राहायला गेली. मधूनमधून भाच्याच्या फोनवरून मला विचारायची, "सरांला काय गावलं का वो?"

विजापुराकडं एक म्हातारे मौलवी आहेत, फारसी चांगलं जाणतात, असं कुणी सांगितलं. सर दुपारच्या उन्हात एसटीनं गेले. परत आले ते थेट माझ्या घरी. पाणी दिलं तरी हातात तसंच धरून बसले.

"मिळालं मूळ?" मी विचारलं.

"मिळालं. फारसीच्या बाजूनं शब्द घेतला तर जंब म्हणजे माणसाची बाजू, कूस. आणि पुढचं पद फाडणारा. कूस फाडणारी." मग म्हणाले, "एकीकडं यम. दुसरीकडं हे. आणि बाईला मूलबाळ नाही. हे नेऊन सांगू तिला?"

मी रागावले. म्हटलं, "सर, खड्ड्यात गेला तो शब्द. एवढ्या तेवढ्यावर जीव काढताय. काहीतरी बरं सांगून मोकळे व्हा की!"

"काहीतरी?" एवढंच ते म्हणाले. माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

आठवड्यानं त्यांचा फोन. "बाई, वैरागला येता का?" गाडीत त्यांच्या मांडीवर ती फडक्याची गुंडाळी. सोनाक्का भावाच्या घरासमोर शेंगा फोडत बसली होती. वाळली होती पार. आम्हाला बघून धडपडत उठली, घोंगडं अंथरलं. पाणी झालं, चहा झाला. मग तिनं विचारलं, "गावलं, सर?"

"सापडलं, आक्का." सरांचा आवाज वर्गात शिकवतानाचा होता, स्वच्छ. "मी चुकलो होतो. यमाचा आणि त्याचा काहीही संबंध नाही. शब्द बाहेरून आलाय. जानिबदार. जानिब म्हणजे बाजू. जानिबदार म्हणजे आपल्या बाजूनं उभा राहणारा, पाठीराखा. लोकांच्या तोंडी घासून घासून त्याचं जमदाड झालं."

"पाठीराखा," सोनाक्का म्हणाली.

"हां. नवरा नसेल तिथं पाठीराखा ठेवायची पद्धत असणार. तुझ्या सासऱ्यांनी तुला एकटी पाठवली नाही, आक्का. पाठीराखा देऊन पाठवलं."

सरांनी गुंडाळी तिच्यापुढं घोंगड्यावर ठेवली. तिनं ती उचलली, उराशी धरली आणि जी रडायला लागली! सोळा वर्षांची होती तेव्हाचं रडणं ते, आत राहून गेलेलं. तिची भावजय घाबरून बाहेर आली. मीही रडले, का लपवू? सर मात्र समोरच्या भिंतीकडं बघत ताठ बसले होते.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "बघा, शेवटी सापडलं ना! उगाच त्या मौलवींचं..."

"बाई," सर म्हणाले, "जानिबदार हा शब्द आहे. अर्थही तोच आहे. पण त्याचा जमदाडीशी काडीचा संबंध नाही. तो मी तिकडून उचलला आणि इथं आणून बसवला."

मी त्यांच्याकडं वळले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही. वैराग काही फार लांब नाही. सोलापुरात चार माणसांना कळलं की एसटीत बसून तिथं पोचेल. ती आहे तोवर नाही." आणि मग स्वतःशीच म्हणाले, "धाकटीला तो एक मार्क द्यायला हवा होता."

पुढच्या खंडेनवमीला सोनाक्कानं मला फोन करून सांगितलं, "आज तीन वर्साचं समदं सांगिटलं, बाई. दिस पुरला न्हाय."

इथं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं! पण वाचनालयानं सरांच्या कार्डांचा कोश छापायचं ठरवलं. चाळीस वर्षांचं काम ते. सर लाजले, नको नको म्हणाले, पण मनातून सुखावले होते. नवा शर्ट शिवला. कार्डांची खोकी वाचनालयात गेली, बायकोचे पाय शिवणयंत्राखाली मोकळे झाले. हस्तांतराचा छोटा कार्यक्रम ठेवला. एका कॉलेजातले तरुण प्राध्यापक कार्डं चाळून बोलणार होते. चांगला मुलगा होता, मेहनती, त्याची काही चूक नाही.

कार्यक्रम सुरू व्हायला आला आणि दारात भाच्याचा हात धरून सोनाक्का! नवं लुगडं, हातात कडक भाकरीचं आणि शेंगाचटणीचं गाठोडं. सरांचा सत्कार आहे हे तिला माझ्याकडूनच कळलं होतं, मीच फोनवर बोलून बसले होते. सर खाली उतरले, तिला पहिल्या रांगेत बसवलं.

प्राध्यापक छान बोलले. मग म्हणाले, नमुन्यादाखल दोन-तीन कार्डं वाचतो. एक वाचलं, लोकांनी दाद दिली. मग म्हणाले, "आणि आता हे बघा, केवढं सुंदर कार्ड आहे! जमदाड."

सरांनी आक्काला खोटं सांगितलं, पण कार्डात खोटं घातलं नव्हतं. तिथं त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात खरंच लिहिलेलं होतं.

"जमदाड. यमाची दाढ. सर लिहितात, ही ज्याला..."

"थांबा," सर उठले.

प्राध्यापक थांबले. सर माइकपाशी गेले. पहिल्या रांगेत सोनाक्का ताठ होऊन त्यांच्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच आलं होतं, घंटेपाशी उभी होती त्या दिवशीचं.

"ते कार्ड चुकीचं आहे," सर म्हणाले. "माझी चूक. जमदाड म्हणजे यमाची दाढ नव्हे. मूळ शब्द जानिबदार. पाठीराखा."

प्राध्यापक गोंधळले. "नाही सर, तुमचं कार्डच बरोबर आहे. सगळ्या कोशांत असंच..."

"कोश चुकलेत."

"पण सर, जानिबदारपासून जमदाड? त्याला आधार काय?"

आधार! सगळं सभागृह हसलं, कारण निम्म्या बायका सरांच्याच विद्यार्थिनी होत्या. तो शब्द सरांच्याच तोंडून ऐकत त्या वाढल्या होत्या. सरांनी पहिल्या रांगेकडं बघितलं.

"आधार मी. मी सांगतोय, हाच आधार."

आता हसू वेगळं होतं. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. म्हाताऱ्या अध्यक्षांनी माइक ओढून घेतला आणि गोड आवाजात म्हणाले, "असतं, असतं. हल्ली काही लोकांना आपला प्रत्येक शब्द तिकडून आणल्याशिवाय चैन पडत नाही." हातानं त्यांनी 'तिकडं' दाखवलंही. टाळ्या पडल्या. स्टाफरूममध्ये "अस्सल घरचा शब्द आहे" म्हणून आमच्याशी भांडणारा हा माणूस! मी अर्धी उठले. सरांनी माझ्याकडं बघितलं, कॉपी करताना सापडलेल्या पोरीकडं बघावं तसं. मी खाली बसले.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे झालं. ज्याला आपली कार्डं खरी की खोटी हेच कळत नाही, त्याचा कोश कसा छापायचा, असं समितीत ठरलं. खोकी परत आली. प्राध्यापक घरी येऊन विचारून गेले, सर, तेवढं एक कार्ड मागं घ्या, बाकीचं मी बघतो. सरांनी चहा पाजून पाठवलं. विद्यार्थिनी यायच्या कमी झाल्या. मी कितीदा म्हटलं, त्या एकट्या मुलाला तरी खरं सांगू द्या. "आक्का आहे ना अजून?" एवढंच विचारायचे. शेवटच्या आजारातही हेच विचारलं. मी म्हटलं, "आहे." "मग?" म्हणाले. सर गेले आणि सोनाक्का मागं राहिली, म्हणून मीही राहिले गप्प, हसणाऱ्यांचं हसणं ऐकत.

पण सर म्हटलं की मला आजारातले सर दिसत नाहीत. त्या कार्यक्रमानंतरचे दिसतात. लोक पांगले होते. वाचनालयाच्या दारात सर एकटेच उभे, गळ्यातला हार काढून हातात घेतलेला, तो कुठं ठेवावा ते कळत नसलेलं. ओळखीची माणसं बाजूनं जात होती आणि मोबाइलमध्ये बघत होती. मी चपला शोधत मागं राहिले होते. तेवढ्यात सोनाक्का त्यांच्यापाशी गेली. गाठोडं त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, "सर, त्या पोराचं मनावर घिऊ नका. पुस्तकात लिवलेलं समदं खरं आसतंय व्हय? आन् त्या म्हाताऱ्याचं तर न्हायच न्हाय. तुमचंच खरं हाय. मला ठावं हाय की."

सरांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. आक्काला वाटलं, अपमान लागला. तिनं पदर पुढं केला, मग मास्तर माणूस म्हणून मागं घेतला आणि भाच्याकडं वळून म्हणाली, "बघितलंस का? खरं बोलणाऱ्याला किती सोसावं लागतं."

"हौ, आक्का," सर म्हणाले.